शेवटच्या बांधीचें पाणी



नागपुराहून रायपुराकडे जाणारा हमरस्ता भंडारा मागें टाकून पूर्वेस निघाला कीं थोड्याच अंतरावर लाखनी हें गांव लागतें. आतां तें भंडारा जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. सभोंवार धानाची शेती आणि त्या शेतीला जगविणारे लहानमोठे तलाव, हें या मुलुखाचें जुनें रूप. यांतील कित्येक तलाव कोहळी समाजाच्या जाणत्या आणि कष्टाळू हातांनीं पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वीं बांधिले. पुढें मालगुजारीच्या काळांत त्यांस मालगुजारी तलाव हें नांव पडलें. मालगुजारी जाऊन कित्येक दशकें लोटलीं, तरी ‘माजी’ एवढा शब्द मागें लावून सरकारी दप्तरांत तें नांव अद्याप टिकून आहे.

पाऊस वेळेवर झाला म्हणजे पाण्याची चर्चा कोणी करीत नाहीं. परंतु धान गर्भांत असतांना पावसानें ओढ दिली कीं सर्वांचे डोळे तलावाकडे लागतात. पाळीजवळून पाटानें पाणी सुटतें. जवळच्या बांध्या प्रथम भरतात. मग एका बांधींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत असें तें पुढें सरकतें. शेवटच्या बांधीचा धनी आपल्या धुऱ्यावर उभा राहून वाट पाहत असतो. वरच्यानें आपली गरज भागतांच धुरा मोकळा केला तर पाणी खालीं येतें. त्यानें ‘अजून चार बोटें असूं द्यावें’ असें म्हटलें तर खालचें धान पोचट जातें. तलाव किती भरला हें पाळीवर उभें राहून कळतें. पाणी कामीं आलें कीं नाहीं हें मात्र शेवटच्या बांधींत उतरून पाहावें लागतें.

ख्रिस्ती जीवनांतील नम्रता आणि दुसऱ्यास प्रथम स्थान देण्याचा उपदेश यांविषयीं विचार करतांना या पाण्याची आठवण ठेवणें उपयोगाचें आहे. नम्रतेचे उपचार फार सोपे असतात. सभेंत मागच्या खुर्चीवर बसणें, स्वतःस पामर म्हणविणें, स्तुति ऐकतांच मान खालीं घालणें, हें सर्व सुशिक्षित घरांत लहानपणींच शिकविलें जातें. पण अशा नम्रतेचा ओलावा कोठपर्यंत पोंचतो? ज्यांच्यासमोर नम्र झाल्यानें आपली शोभाच वाढते, त्यांच्यापर्यंतच तो थांबतो काय? घरचीं, हाताखालचीं आणि रांगेच्या शेवटीं उभीं असलेलीं माणसें त्यास कधीं ओलीं होतात काय? महाराष्ट्रांतील एका प्रसिद्ध ख्रिस्ती कुटुंबाच्या चरित्रांत या प्रश्नाचें पुष्कळसें उत्तर सांपडतें. परंतु त्या चरित्राकडे वळण्यापूर्वीं मूळ उपदेश पाहणें अवश्य आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत तो प्रसंग आला आहे. पॅलेस्टाइनचे रस्ते धुळीचे, पायांत उघड्या वाहणा. त्यामुळें घरीं आलेल्या पाहुण्याचे पाय धुण्याची चाल होती, आणि तें काम कनिष्ठ सेवकाकडे असे. येशूच्या अखेरच्या भोजनाच्या रात्रीं तें काम कोणी हातीं घेतलें नव्हतें. लूकच्या सांगण्याप्रमाणें त्याच भोजनाच्या वेळीं, आपणांमध्यें थोर कोण असा वाद शिष्यांत निघाला होता. गुरूनें उठून अंगावरचें वस्त्र बाजूस ठेविलें, कमरेस रुमाल बांधला, गंगाळांत पाणी ओतलें आणि एकेकाचे पाय धुऊन पुसले. ज्याच्या हातून त्याच रात्रीं विश्वासघात व्हावयाचा होता तो यहूदाही त्या पंक्तीस होता.

या कथेंतील दोन गोष्टी सहसा नजरेंतून निसटतात. पहिली ही कीं, पाय धुऊन झाल्यावर येशूनें आपलें गुरुपद नाकारलें नाहीं. तुम्ही मला गुरु म्हणतां तें योग्यच आहे, असें त्यानें स्वच्छ सांगितलें, आणि म्हणूनच हा कित्ता घालून दिला असें बजाविलें. अर्थात् आपली योग्यता लपविणें किंवा नसलेलें न्यून सांगत फिरणें याचा नम्रतेशीं संबंध नाहीं. दुसरी गोष्ट पेत्राची. त्यानें पाय धुऊन घेण्यास प्रथम साफ नकार दिला. वरकरणीं तो विनय दिसतो. परंतु ज्याला दुसऱ्याची सेवा घेणें कमीपणाचें वाटतें त्याच्या मनांतही मानाचाच हिशेब चाललेला असतो. देण्याप्रमाणेंच घेण्यासही नम्र मन लागतें.

पुढें पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस बंदिवासांतून पत्र लिहिलें. फिलिप्पै ही रोमन वसाहत. निवृत्त सैनिकांनीं वसलेली आणि पदवीप्रतिष्ठेचा अभिमान बाळगणारी. प्रत्येकानें दुसऱ्यास आपणाहून श्रेष्ठ मानावें आणि केवळ स्वहित न पाहतां परहितही पाहावें, असा त्या पत्रांतील बोधाचा आशय आहे. तो कांहीं हवेंत केलेला उपदेश नव्हता. त्या मंडळींतील दोन कार्यकर्त्या स्त्रियांमध्यें बेबनाव झाला होता, आणि त्यांनीं एकमनानें राहावें अशी विनंती त्याच पत्राच्या शेवटीं केलेली आहे. त्या काळच्या ग्रीक वापरांत नम्रतेचा शब्द बहुधा हीनपणा दाखविण्याकरितां योजीत. त्यास सद्गुणाच्या आसनावर बसविणें हें त्या मंडळीच्या कानांस चमत्कारिकच वाटलें असेल.

मराठी माणसास मात्र ही भाषा परकी नाहीं. पंढरीच्या वाटेवर लहानथोर वारकरी एकमेकांच्या पायां पडतात. तहानेनें तळमळणाऱ्या गाढवास काशीची कावड पाजणाऱ्या एकनाथांची कथा येथें घरोघर सांगितली जाते. तरीही पायां पडणें आणि पाय धुणें यांतील भेद ध्यानीं घेण्याजोगा आहे. पायां पडणें हें क्षणाचें काम आहे आणि त्यांत मनाचा भाव मोठा असतो. पाय धुण्यास खालीं बसावें लागतें, दुसऱ्याच्या पायांची धूळ हातास लागते आणि वेळ मोडतो. ईस्टरच्या आधींच्या गुरुवारीं अनेक ख्रिस्तमंदिरांत हा विधि अजूनही होतो. सन २०१३ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं तो रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगांत जाऊन केला आणि बारा तरुण बंदिवानांचे पाय धुतले; त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही होते. विधि जुनाच होता. त्यांनीं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत नेलें, म्हणून जगाचें लक्ष तिकडे गेलें.

आतां त्या मराठी कुटुंबाकडे वळूं. १८९३ सालीं नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधांत नागपुराहून आगगाडीनें राजनांदगांवास निघाले होते. ती लोहमार्गाची वाट भंडारा जिल्ह्यांतूनच जाते. लाखनी त्या मार्गावर नाहीं, त्याच्या दक्षिणेस आहे. टिळक त्या वेळीं तिशी ओलांडलेले, कोंकणांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले, संस्कृताचे व्यासंगी, कविता करणारे आणि स्वभावानें अस्थिर असे गृहस्थ होते. त्याच डब्यांत एक युरोपीय प्रवासी होता. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा मनुष्य एतद्देशीयांशीं आगगाडींत कसा वागतो हें त्या काळीं सर्वांस ठाऊक होतें. हा मनुष्य मात्र आदरानें बोलला. निरोप घेतांना त्यानें टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांनीं तें पुस्तक वाचावयास घेतलें. डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांस तें खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत महाराष्ट्रांत पुष्कळदां सांगितली जाते. तींत त्या युरोपीय गृहस्थाचें नांव मात्र सहसा येत नाहीं. एका मोठ्या कवीच्या आयुष्यास वळण देऊन तो मनुष्य आपल्या वाटेनें निघून गेला, आणि पुढच्या पिढ्यांना टिळकांचें नांव राहिलें. धुरा मोकळा करून देणाऱ्याचें नांव पिकावर लिहिलेलें नसतें, त्यांतलाच हा प्रकार.

टिळकांनीं काय सोडलें याची यादी मोठी आहे. जातींतील मान गेला, आप्तेष्ट दुरावले, पत्नी व लहान मुलगा यांचा कित्येक वर्षें वियोग झाला. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत त्यांनीं पुढील आयुष्याचा मोठा भाग घालविला. तेथें त्यांनीं केलेलें एक काम नम्रतेच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. त्यापूर्वींच्या मराठी ख्रिस्ती उपासनेंत परदेशी चालींच्या गीतांचा भरणा असे. संस्कृत पंडिताला शोभतील अशा प्रौढ रचना करून दाखविणें टिळकांस सहज शक्य होतें. परंतु त्यांनीं अभंग, भजन आणि कीर्तन या साध्या माणसाच्या ओळखीच्या वाटा निवडल्या. नगर जिल्ह्याच्या खेड्यांतील निरक्षर ख्रिस्ती मनुष्य टाळ हातीं घेऊन आपल्या भाषेंत देवाची आळवणी करूं शकेल, इकडे त्यांचें लक्ष होतें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त त्यांत एकत्र यावे अशी इच्छा धरिली. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

एवढ्यावर थांबलें तर हें एका साधुपुरुषाचें सुंदर चरित्र होतें. परंतु महाराष्ट्राचें भाग्य असें कीं, त्याच घराची दुसरी बाजू घरच्याच माणसानें लिहून ठेविली आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचें ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलें, आणि मराठींतील उत्तमोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना आजही होते. त्यांत टिळकांचें औदार्य पानोपानीं दिसतें, आणि त्या औदार्याची किंमत कोण देत होतें हेंही दिसतें. टिळकांच्या हातीं पैसा ठरत नसे. मागणारा दारीं आला कीं हातांत असेल तें त्यास द्यावयाचें, घरांत माणसें आणावयाचीं, मनांत आलें कीं गांव सोडून निघावयाचें. हें सर्व निर्मळ मनानें होई. मात्र संध्याकाळीं चुलीवर काय चढवावें हा प्रश्न देणाऱ्यास पडत नसे. तो लक्ष्मीबाईंस पडे.

येथेंच या विषयाचा कठीण भाग आहे आणि तो टाळून चालणार नाहीं. दुसऱ्यास प्रथम स्थान द्यावें, हें खरें. पण दुसरा म्हणजे कोण? दारावर आलेला याचक दुसरा, तशी घरांतील पत्नी ही दुसरी नव्हे काय? कीं तिला आपल्यांतच जमा धरून, आपला त्याग तिच्या नांवावर परस्पर मांडावयाचा? पुष्कळ सत्पुरुषांच्या, देशभक्तांच्या आणि समाजसेवकांच्या घरीं असें घडलें आहे. बाहेरच्या जगास ज्यानें पहिलें पान वाढलें, त्याच्या घरचीं माणसें शेवटच्या पंक्तीस, उरलें तर जेवलीं. त्यागाचा मान पतीस मिळाला आणि उपास पत्नीस घडले. पाळीजवळची बांधी तुडुंब भरली, तिचें कौतुक झालें आणि धुऱ्यापलीकडील शेत कोरडें राहिलें, असाच तो प्रकार होय.

टिळकांस दोष देण्यासाठीं हें सांगावयाचें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं स्वतः तसा दोष दिलेला नाहीं. त्यांनीं सर्व कांहीं विनोदानें, मायेनें आणि कमालीच्या सरळपणानें सांगितलें आहे. आणि एका बाबतींत टिळकांची नम्रता त्या घरांतही शेवटपर्यंत पोंचली होती, हें त्यांच्याच लेखणीमुळें समजतें. वियोगानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, तेव्हां त्या हिंदु धर्माचा आचार पाळीत होत्या. स्वतःस गवसलेलें सत्य बायकोनें ताबडतोब मान्य केलेंच पाहिजे, असा हट्ट त्या काळच्या पतीनें धरिला असता तर कोणास नवल वाटलें नसतें. टिळकांनीं ती सक्ति केली नाहीं. त्यांनीं त्यांचें सोंवळें त्यांस पाळूं दिलें आणि वाट पाहिली. आपल्या मतास थांबावयास लावणें आणि दुसऱ्याच्या मनास त्याच्या गतीनें चालूं देणें, ही नम्रता पैसा वाटून टाकण्याहून कितीतरी अवघड आहे.

त्या वाट पाहण्याचें फळ लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारांतून आलें. मनुष्यामनुष्यांतील उच्चनीच भाव देवानें केला कीं माणसानें, या प्रश्नाचा त्यांनीं आपल्या मनाशीं छडा लावला, आणि कोणाच्याही हातचें पाणी घेण्यास हरकत नाहीं अशा निश्चयास त्या येऊन पोंचल्या. त्यानंतर १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या बाबतींत नम्रता धर्मान्तराच्या आधीं आली, आणि ती पाण्याच्या पेल्याच्या रूपानें आली. दुसऱ्यास पाणी देणें त्या मानानें सोपें. ज्यास पिढ्यान्‌पिढ्या खालचा मानलें त्याच्या हातचें पाणी घेऊन पिणें कठीण. पेत्राची अडचण ती हीच.

पुढें त्या घरांत अनाथ मुलें आलीं, पाहुणे आले, तरुण कवि आले. जळगांवच्या १९०७ च्या कविसंमेलनांत चमकलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवि, नगरास टिळकांच्या घरीं राहिला. तो ख्रिस्ती नव्हता आणि त्यास तसें करण्याची अटही नव्हती. लक्ष्मीबाईंनीं त्यास मुलासारखें वागविलें. टिळक गेल्यावर त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. जिचें शालेय शिक्षण जवळजवळ झालेंच नव्हतें, त्या स्त्रीनें चौसष्ट अध्याय रचून तें पुरें केलें. १९३६ सालीं त्या वारल्या. ग्रंथ १९३८ सालीं छापून निघाला. ज्या घरांत शेवटची बांधी त्यांची होती, त्या घराचें सर्वांत मोठें अपुरें काम त्यांच्या हातून तडीस गेलें.

तथापि येथें एक सावधगिरी राखिली पाहिजे. ज्यास शेवटीं बसविण्यांत आलें तो आपोआप नम्र ठरत नाहीं, आणि शेवटीं बसलेल्यास नम्रतेचा उपदेश करण्याचा अधिकार पहिल्या पंक्तीस नाहीं. अशा उपदेशानें पूर्वीं पुष्कळ अन्याय झांकले गेले आहेत. सुनेनें सोसावें, नोकरानें मान वर करूं नये, अस्पृश्यानें आपली पायरी ओळखावी, हें सर्व नम्रतेच्या नांवाखालीं सांगितलें गेलें. येशूनें पाय धुण्याची आज्ञा सेवकांस केली नाहीं. ती ज्यांस आपण थोर असें वाटत होतें त्यांस केली आणि प्रथम स्वतः करून दाखविली.

या बाबतींत पंडिता रमाबाईंचें उदाहरण फार बोलकें आहे. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील धर्माधिकाऱ्यांनीं आणि भगिनीसंघानें आपलें म्हणणें निमूटपणें मानावें अशी अपेक्षा केली, तेव्हां रमाबाईंनीं तसें करण्याचें नाकारलें. आपण ख्रिस्ताच्या आज्ञेंत आहोंत, माणसाच्या नव्हे, हें त्यांनीं पत्रांतून निःसंकोच कळविलें. कित्येकांस तो उद्धटपणा वाटला. पण पुढील चरित्र पाहिलें म्हणजे त्या स्वाभिमानाचा आणि नम्रतेचा मुळीच विरोध नव्हता हें समजतें.

१८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. भंडारा जिल्हा त्या वेळीं त्याच प्रांतांत मोडत असे. रमाबाईंनीं पूर्वींच्या एका दुष्काळांत स्वतः उपासमार भोगिली होती आणि त्या काळांत आईवडील गमाविले होते. त्या घर सोडून मध्यप्रांतांत आल्या आणि सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया यांस घेऊन गेल्या. त्यांच्यासाठीं पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन वाढलें. पंडितांच्या सभेंत शास्त्रार्थ करणाऱ्या स्त्रीनें उवा पडलेल्या, खरजेनें ग्रासलेल्या, शिव्या देणाऱ्या आणि भाकरी चोरून ठेवणाऱ्या मुलींस आपलें म्हणून सांभाळणें म्हणजे काय, याची कल्पना वर्णनानें येणार नाहीं. अशा मुलांस एक दिवस न्हाऊं घातल्यानें येईल.

आयुष्याच्या उत्तरार्धांत रमाबाईंनीं हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून समग्र बायबलचें मराठींत भाषांतर केलें. त्यांनीं भाषा मुद्दाम सोपी ठेविली, कारण तें खेड्यांतील बाईस वाचतां व समजतां यावें अशी त्यांची इच्छा होती. ज्याच्यापाशीं कठीण शब्दांचें भांडार आहे त्यानें सोपा शब्द निवडणें, हा पंडिताच्या अंगचा विनय. त्या ग्रंथाची छपाईही केडगांवींच, आश्रमांतील स्त्रियांच्या हातून झाली. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं बाहेर पडलें. तें छापून हातीं आलेलें त्यांनीं पाहिलें नाहीं.

या तीन चरित्रांवरून नम्रतेविषयीं काय निष्पन्न होतें? टिळकांनीं आपली विद्या निरक्षराच्या टाळापर्यंत नेली आणि आपलें मत पत्नीच्या उंबरठ्याशीं थांबवून धरलें. परंतु त्यांच्या औदार्याचा भार कधीं कधीं त्यांच्याच चुलीवर पडला. लक्ष्मीबाईंनीं खालच्या मानलेल्या हातचें पाणी घेतलें. रमाबाईंनीं वरच्यांपुढें मान वांकविली नाहीं, आणि खालच्यांसाठीं गुडघे टेंकले. तिघांच्याही बाबतींत नम्रता हें मनांत जपून ठेवण्याचें सुगंधी द्रव्य नव्हतें. ती कोणातरी विशिष्ट माणसापर्यंत गेली. आणि जेथें ती पोंचली नाहीं, तेथें कोणातरी विशिष्ट माणसास त्याचा ताप झाला.

सुशिक्षित नागरी कुटुंबांत आज दुष्काळांतील मुली आणाव्या लागत नाहींत आणि पगार सोडून संन्यास घेण्याचाही प्रसंग सहसा येत नाहीं. तरी परीक्षा रोजची आहे. देणगी देतांना संगमरवरी पाटीवर नांव कोणत्या आकाराचें असावें याची चौकशी होते; त्याच घरीं भांडीं घासणाऱ्या बाईस रजा मागतांना चारदां शब्द फिरवावा लागतो. समाजकार्याच्या बैठकींत सर्वांचें म्हणणें शांतपणें ऐकणारा गृहस्थ घरीं आल्यावर मुलाचें एक वाक्य पुरें होऊं देत नाहीं. थोरांची क्षमा मागतांना जीभ अडखळत नाहीं. आपल्या हातून चूक झाली असें धाकट्या भावास, सुनेस किंवा शिपायास सांगतांना तीच जीभ टाळ्यास चिकटते. दिवसभर बाहेर हात जोडणाऱ्या माणसानें, आज घरांत शेवटीं कोण जेवलें आणि त्याच्या पानांत काय उरलें होतें, एवढें एकदां पाहावें. त्या दर्शनानें होणारी जागृति पुष्कळ प्रवचनांनीं होत नाहीं.

आणि असें पाहिल्यावर जो कमीपणा जाणवेल त्याचेंही भांडवल करूं नये. आपण किती अपुरे आहोंत हें चारचौघांत सांगत बसणें, हाही स्वतःकडे लक्ष वेधण्याचाच एक मार्ग आहे. ज्यास दुसऱ्याची तहान दिसली तो उठून पाणी देतो. त्यास स्वतःच्या नम्रतेकडे पाहण्यास त्या वेळीं सवड नसते.

आषाढ-श्रावणांत लाखनीच्या शिवारांत रोवणी चालते. पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन बाया चिखलांत ओळीनें उतरतात आणि दिवसभर वांकून एकेक रोप लावतात. शहाणा असो वा अडाणी, श्रीमंत असो वा गरीब, हातानें धान रोवावयाचें तर ज्यानें त्यानें वांकलेंच पाहिजे.  आणि त्या बायांस विचारलें तर नम्रतेसंबंधीं त्या कांहीं सांगणार नाहींत. त्या एवढेंच पाहतात कीं, रोप मुळाशीं नीट बसलें कीं नाहीं, आणि शेवटच्या बांधीचें रोवणें दिवस मावळण्यापूर्वीं उरकतें कीं नाहीं.